तक्त्यात नाही ते मथळ्यात कसं?

पत्र

ताई, स. न. वि. वि.

मी एका कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रात पीएच.डी. करते आहे. हरभऱ्यावरच्या मर रोगासाठी जमिनीतल्या एका जिवाणूची बीजप्रक्रिया, हा माझा विषय. कुंड्यांमध्ये निकाल छान आले. शेतात एकाच ठिकाणी, एकाच रब्बी हंगामात चाचणी घेता आली. तिथे मर थोडी कमी दिसली, पण फरक सिग्निफिकंट (नुसत्या योगायोगाचा नसावा असं म्हणण्याइतका) आला नाही. मुळांवरच्या नत्र धरणाऱ्या उपयोगी गाठी मात्र सिग्निफिकंटली जास्त आल्या. मी पेपर लिहून गाइडना दिला. परत आला तेव्हा शीर्षकात ‘प्रभावी नियंत्रण’ आलं होतं. ॲबस्ट्रॅक्टमधून (पेपरच्या सुरुवातीच्या सारांशातून) शेतातल्या मरीचा आकडा गेला होता, गाठींचा निकाल पहिल्या ओळीत आला होता आणि गाठींचा अभ्यास हाच मूळ उद्देश होता असं प्रस्तावनेत लिहिलं होतं. मी विचारलं तर सर म्हणाले, “आकडे तर आपण बदलले नाहीत ना? सायन्स आकड्यांत असतं, भाषेत काय! तू लिहिलंयस तसं कोणी छापणार नाही.” सर मनाने वाईट नाहीत, माझ्या अडचणीत ते उभे राहिले आहेत. त्यातच विद्यापीठाकडून प्रसिद्धीसाठी माहिती मागवली आहे आणि बातमीच्या कच्च्या मसुद्यात ‘मर रोगावर रामबाण उपाय’ असं आहे. थिसिस सबमिट करायला पेपर हवाच. मी उगाच शब्दांवरून अडून बसले आहे का?

— एक संशोधक विद्यार्थिनी

उत्तर

तुला सप्रेम नमस्कार.

तू उगाच अडून बसलेली नाहीस, हे आधी सांगते. ‘आकडे तर बदलले नाहीत ना’ हे सरांचं म्हणणं शब्दशः खरं आहे, आणि तरीही पेपर बदलला आहे. तक्ता उघडून, ओळ न् ओळ लावून वाचणारे किती निघतील? जर्नलसाठी पेपर तपासणारे रिव्ह्यूअर वाचतील, तुझ्याच विषयात काम करणारे दोन-चार जण वाचतील. बाकी सगळ्यांपर्यंत शीर्षक आणि ॲबस्ट्रॅक्ट तेवढं पोचणार. पुढे कोणी याच जिवाणूवर पेपर लिहायला घेईल तेव्हा तो प्रस्तावनेत तुझ्या कामाला जेमतेम एक वाक्य देईल, आणि ते तुझ्या शीर्षकावरून बेतलेलं असेल. कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञाच्या हाती तेच लागेल, वार्ताहराच्या हातीही तेच. तेव्हा ‘नियंत्रण करते’ लिहायचं की ‘कुंड्यांमध्ये कमी झाला’ लिहायचं, यावर वाद घालताना तू तुझ्या प्रयोगातून काय निघालं यावरच वाद घालते आहेस.

मला या बाबतीत कायम अस्वस्थ करणारं उदाहरण अमेरिकेतलं आहे. त्यात एकही आकडा कोणी खोटा लिहिला नव्हता, म्हणून तर ते तुझ्या कामाचं.

१० जानेवारी १९८० च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बॉस्टनच्या जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं संपादकांना लिहिलेलं एक पत्र छापून आलं. उणीपुरी पाच वाक्यं. रुग्णालयात दाखल असलेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. त्यांतल्या ११,८८२ जणांना अफूच्या वर्गातलं वेदनाशामक किमान एकदा दिलेलं होतं. आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमध्ये व्यसन लागल्याची बऱ्यापैकी खात्रीची नोंद फक्त चौघांची सापडली. बस, एवढंच. हे सगळे रुग्ण वॉर्डात होते आणि औषध त्यांना इतरांच्या देखरेखीखाली मिळत होतं. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, महिनोन्‌महिने गोळी घेणाऱ्याचं काय होतं, याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं, कारण तो त्यांचा प्रश्नच नव्हता. पण पत्राचं शीर्षक होतं: ‘नार्कोटिक्सने उपचार केलेल्या रुग्णांत व्यसन दुर्मीळ’. रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णांची ही गोष्ट आहे, हे मजकुरात होतं. शीर्षकात नव्हतं.

पुढे काय झालं ते २०१७ साली त्याच जर्नलने छापलेल्या एका तपासणीत मोजून दाखवलं आहे. त्या पाच वाक्यांचा ६०८ वेळा हवाला दिला गेला होता. त्यातल्या ७२.२ टक्के ठिकाणी, ही औषधं घेतली तरी व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून. आणि ८०.८ टक्के ठिकाणी, ते रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नव्हतं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ऑक्सिकॉन्टिन हे याच वर्गातलं औषध आल्यानंतर हे हवाले खूप वाढले. अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूवर्गीय औषधांच्या, व्यसनाने किती घरं उद्ध्वस्त केली ते तुला ठाऊक आहे. त्याची जबाबदारी पाच वाक्यांवर टाकता येणार नाही, औषध विकणाऱ्यांचा आणि लिहून देणाऱ्यांचा वाटा कितीतरी मोठा आहे. पण त्यांच्या हातात पुरावा म्हणून जे होतं त्यात हे शीर्षकही होतं. जर्नलने शेवटी त्या पत्रावर टीप लावली की याचा वारेमाप आणि डोळे मिटून हवाला दिला गेला आहे, वाचकांनी लक्षात घ्यावं. औषध कंपन्यांनी पत्राचा जो वापर केला त्याची आपल्याला फार खंत वाटते, असं स्वतः जिक यांनीही बोलून दाखवलं.

यात तुझ्यासाठी जे आहे ते नेमकं असं: मर्यादा लिहिली होती. ती जिथे लिहिली होती तिथून ती पुढे गेली नाही. आपल्याकडे प्रथाच आहे की चर्चेच्या शेवटच्या परिच्छेदात ‘प्रस्तुत अभ्यास एका ठिकाणी व एका हंगामात केलेला असल्याने…’ असं एक वाक्य टाकायचं आणि सुटलो म्हणायचं. ते वाक्य तिथून कधीच प्रवास करत नाही. जे वाक्य उचललं जाणार, त्याच वाक्यात मर्यादा बसली पाहिजे.

आता ‘भाषेत काय’ या प्रश्नाकडे येते. पॅरिसच्या इझाबेल बूत्रों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली वैद्यकीय चाचण्यांचे ७२ अहवाल तपासले. सगळे असे की मुख्य प्रश्नाचं उत्तर सिग्निफिकंट आलेलं नव्हतं. त्यातल्या ५८.३ टक्के ॲबस्ट्रॅक्टच्या निष्कर्षात भाषेने निकालाला वळण दिलेलं होतं. १८ टक्के अहवालांत तर ते शीर्षकातच होतं. वळण द्यायच्या पद्धती काय, तर मुख्य निकाल मागे ढकलून सिग्निफिकंट आलेला दुय्यम निकाल पुढे आणायचा, किंवा सिग्निफिकंट नसलेला फरक ‘उपचार परिणामकारक’ अशा शब्दांत मांडायचा. तुझ्या परत आलेल्या पेपरमध्ये दोन्ही आहेत.

त्याच मंडळींनी नंतर आणखी एक सुरेख प्रयोग केला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. कॅन्सरवरच्या चाचण्यांचे असे वळण दिलेले ॲबस्ट्रॅक्ट घेतले, तेच आकडे ठेवून वळण काढून टाकलेली दुसरी प्रत तयार केली, आणि ३०० डॉक्टरांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी यातली एक-एक प्रत वाचायला दिली. वाचणारे नवखे नव्हते, स्वतः चाचण्यांचे पेपर लिहिणारे होते. तरी वळण दिलेली प्रत वाचलेल्यांना औषध जास्त गुणकारी वाटलं. सरांना दाखवण्यासारखा हा पेपर आहे, कारण ‘आकडे तर तेच आहेत’ याचं उत्तर त्यात आकड्यांतच दिलं आहे. आणि आणखी एक गोष्ट त्यात आहे: वळण दिलेली प्रत वाचणाऱ्यांनी संशोधनाची काटेकोरी मात्र कमी धरली. म्हणजे जाणत्या वाचकाला काहीतरी खटकतं, पण तेवढ्याने तो त्या वळणाच्या प्रभावातून पूर्ण सुटत नाही.

इथवर वाचून तुला वाटेल की मग सगळं दबकत लिहावं. तसं मी म्हणणार नाही, आणि याचं कारण तू पत्रासोबत जोडलेलं तुझं मूळ वाक्य आहे. ते इथे देते: ‘प्रस्तुत अभ्यासावरून सदर जिवाणूच्या बीजप्रक्रियेमुळे मर रोगाचे प्रमाण काही अंशी कमी होण्याची शक्यता असू शकते असे सूचित होत असल्याचे दिसून येते.’ सरांचं वाक्य असं: ‘सदर जिवाणूची बीजप्रक्रिया हरभऱ्यावरील मर रोगाचे प्रभावी व पर्यावरणपूरक नियंत्रण करते.’

सरांच्या वाक्यात कुंडी आणि शेत यांतला फरक नाहीसा झाला आहे. पर्यावरणाबद्दल तुम्ही काही मोजलं होतं का? पत्रावरून तरी दिसत नाही, मग तो शब्द आला कुठून? पण तुझ्या वाक्यातही कुंडी आणि शेत यांतला फरक नाहीच. ‘शक्यता’, ‘असू शकते’, ‘सूचित’, ‘दिसून येते’ असे चार टेकू लावून तू सगळ्याच निकालांना सारखं धूसर केलंस. कुंडीत जे स्पष्ट दिसलं तेही धूसर, शेतात जे ठरलं नाही तेही धूसर. वाचणाऱ्याला यातून एकही गोष्ट कळत नाही. सर म्हणाले ‘असं कोणी छापणार नाही’, त्यात तथ्य आहे. उपाय मात्र त्यांनी चुकीचा निवडला.

मी ते असं लिहिलं असतं: ‘या जिवाणूची बीजप्रक्रिया केलेल्या कुंड्यांमध्ये मर रोगाने मेलेल्या रोपांचे प्रमाण कमी होते. एका ठिकाणी, एका रब्बी हंगामात घेतलेल्या शेतचाचणीत मर किंचित कमी आढळली, पण हा फरक सांख्यिकीच्या कसोटीवर सिद्ध झाला नाही. मुळांवरील गाठींची संख्या मात्र अधिक होती.’ प्रत्येक क्रियापदाला त्याचा आकडा भरून घे. कुंडीबद्दल ‘शक्यता’ म्हणायची गरज नाही, तिथे ताठ लिही. आणि शेताबद्दल ‘फरक नाही’ असंही लिहू नकोस. फरक सिद्ध न होणं आणि फरक नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत; एका हंगामाच्या मोजक्या प्लॉटमध्ये खरा फरकही हाती लागत नाही कधी कधी. तक्त्याखाली एस.ई. (प्रमाण त्रुटी) आणि सी.डी. (फरक सिग्निफिकंट ठरायला किमान किती हवा तो आकडा) देतेसच, ॲबस्ट्रॅक्टमध्येही फरक किती होता ते लिही. वाचणारा आपलं आपण ठरवेल की हे पुढच्या हंगामात करून पाहण्याजोगं आहे का. माझ्या मते आहे.

जपून लिहिणं आणि धूसर लिहिणं यांत किती अंतर असतं हे समजून घ्यायला ऑस्वल्ड एव्हरी यांचा १९४४ चा पेपर वाच. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम केलं. मेलेल्या जिवाणूतला कुठला तरी पदार्थ जिवंत जिवाणूचा प्रकारच बदलून टाकतो, आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, हे आधीपासून माहीत होतं. तो पदार्थ कोणता? त्यांनी प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स घालून पाहिली, परिणाम तसाच राहिला. आरएनए तोडणारं घातलं, तसाच राहिला. डीएनए तोडणारं घातलं तेव्हा तो गेला. निष्कर्ष त्यांनी असा लिहिला की सादर केलेला पुरावा, डीऑक्सिरायबोज प्रकारचं न्यूक्लिक आम्ल हेच रूपांतर घडवणाऱ्या घटकाचं मूलभूत एकक आहे, या समजाला दुजोरा देतो. शिवाय एक शंका स्वतःच नोंदवली: हा परिणाम न्यूक्लिक आम्लाचा नसून त्याला चिकटून राहिलेल्या, आम्हाला न सापडलेल्या एखाद्या अत्यल्प पदार्थाचाही असू शकतो. मनात त्यांच्या याहून मोठी गोष्ट होती. आदल्या वर्षी, मे १९४३ मध्ये, भाऊ रॉय यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हा कदाचित जीन असेल असं लिहिलं आहे, आणि लगेच पुढे असं की बुडबुडे उडवायला मजा येते, पण दुसऱ्याने फोडण्याआधी आपणच ते फोडून पाहावेत.

भावाला लिहिलं ते पेपरमध्ये तितक्या उघडपणे लिहिलं नाही, यात त्यांचं नुकसान झालं का? बऱ्याच जणांना तसं वाटतं. एव्हरींना नोबेल मिळालं नाही, १९५५ साली ते गेले. मला विचारशील तर पेपर जसा आहे तसाच बरोबर आहे. त्यातली शंका धूसर नाही, नेमकी आहे: ‘अत्यल्प, चिकटलेला, न सापडलेला पदार्थ’. त्यांच्याच संस्थेतल्या आल्फ्रेड मिर्स्की यांनी पुढे तोच आक्षेप घेतला, उरलेलं प्रथिन हे काम करत असेल म्हणून. लोकांना तपासायला काय उरलं आहे ते एव्हरींच्या पेपरने बोट ठेवून दाखवलं होतं. तुझ्या चार टेकूंमधून तपासायला काय उरलं ते कळत नाही, एवढाच माझा आक्षेप.

याच डीएनएची दुसरी बाजूही सांगते, कारण शांत भाषा म्हणजे प्रामाणिक भाषा असा समज तुझ्या पत्रात मला जाणवला. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. पानभराहून थोडाच मोठा पेपर. त्याची सुरुवातच ‘आम्ही एक रचना सुचवू इच्छितो’ अशी मृदू आहे. अधिक अचूक निकालांशी ताडून पाहीपर्यंत ही सिद्ध झालेली नाही असं समजावं, असंही त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे. आणि शेवटाकडे ते प्रसिद्ध वाक्य येतं: डीएनएच्या घटकांची आम्ही गृहीत धरलेली विशिष्ट जोडी आनुवंशिक द्रव्याची प्रत कशी निघत असावी हे तत्काळ सुचवते, ही गोष्ट आमच्या नजरेतून सुटलेली नाही. क्रिक यांनी नंतर सांगितलं आहे की ती दोघांमधली तडजोड होती. त्यांना याबद्दल जास्त लिहायचं होतं, वॉटसनना रचनाच चुकली असेल अशी धास्ती होती. म्हणून हक्क सांगून ठेवायला एक वाक्य टाकलं. पाच आठवड्यांनी, ३० मे रोजी, दुसऱ्या पेपरमध्ये त्यांनी ते खुलेपणाने मांडलं. इथवर मला त्यांच्या लिहिण्याचं कौतुकच आहे.

पण त्याच पेपरमध्ये आणखी एक शांत वाक्य आहे. शेजारी छापलेल्या पेपरमधल्या निकालांचे तपशील आम्हाला रचना बसवताना माहीत नव्हते, आमची रचना मुख्यतः, पण पूर्णतः नव्हे, प्रसिद्ध झालेल्या माहितीवर उभी आहे. आणि आभारात: लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले विल्किन्स, फ्रँकलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अप्रकाशित निकालांच्या सर्वसाधारण स्वरूपाच्या माहितीने आम्हाला चालना मिळाली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग यांनी १९५२ च्या मे महिन्यात घेतलेलं डीएनएचं क्ष-किरण छायाचित्र वॉटसननी जानेवारी १९५३ मध्ये पाहिलं होतं. फ्रँकलिन यांची मापं असलेला अहवाल फेब्रुवारीत क्रिकपर्यंत पोचला होता. ‘सर्वसाधारण स्वरूप’ आणि ‘चालना’ या दोन सभ्य शब्दांत एका बाईची काही वर्षांची मेहनत बसवली गेली. १९५८ साली त्या वारल्या, १९६२ साली नोबेल दिलं गेलं. मला हे वाक्य वाचताना आजही राग येतो. त्यात कुठे बढाई नाही, विशेषण नाही, स्वर खाली आहे. म्हणून तुझा पेपर तपासताना स्वर केवढा आहे ते बघू नकोस. वाक्यामागे काय दडलं आहे ते बघ.

तुमच्या पेपरमध्ये जे दडलं आहे ते प्रस्तावनेत आहे. ‘गाठींचा अभ्यास हाच मूळ उद्देश’ या वाक्यावर मी सगळ्यात जास्त थांबले. सर कदाचित म्हणतील की पेपर कधी घडल्या क्रमाने लिहितात का? खरं आहे. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या भाषणात हेच जाहीरपणे विचारलं होतं, की वैज्ञानिक पेपर ही फसवणूक तर नाही? विचार ज्या वेड्यावाकड्या वाटेने झाला ती वाट पेपरमध्ये दिसतच नाही, असं त्यांचं म्हणणं. फसलेल्या चाचण्या, मधेच बदललेली पद्धत, तीन वेळा कुजलेली रोपं हे सगळं गाळून तू नीट क्रमाने सांगितलंस तर मला त्यात गैर वाटत नाही. वाचणाऱ्याचा वेळही मोलाचा आहे. पण प्रश्न बदलला की आकड्यांचा अर्थच बदलतो. तू मर, गाठी, मुळांची लांबी, रोपाचं वजन असं बरंच काही मोजलं असशील. दहा गोष्टी मोजल्या तर एखादी योगायोगानेही सिग्निफिकंट येऊ शकते. ‘मर मोजायला गेलो, गाठी जास्त आढळल्या’ म्हटलं तर वाचणारा ही शक्यता धरून चालतो. ‘गाठीच मोजायला गेलो होतो’ म्हटलं की ती शक्यता त्याच्यापासून लपवली. गाठींचा निकाल पेपरमध्ये ठळकपणे असू दे, चांगला निकाल आहे. तो अपेक्षेबाहेर सापडला, एवढं खरं लिही.

तुझी भीती मला कळते. असं लिहिलं तर नाकारतील. हवा तशीच आहे हे मी नाकारत नाही. पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीतल्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये ‘अभिनव’, ‘भक्कम’, ‘अभूतपूर्व’ अशा स्तुतीच्या शब्दांचं काय झालं हे २०१५ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय जर्नलमध्ये मोजलेलं आहे. १९७४ ते १९८० या काळात असे शब्द २ टक्के ॲबस्ट्रॅक्टमध्ये होते, २०१४ साली १७.५ टक्क्यांत. पण विशेषणाशिवायही लिहिलेलं लांब जातं. गडचिरोलीच्या बंग दांपत्याचं घरच्या घरी नवजात बालकांच्या देखभालीचं काम १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलं. शीर्षकात आहे ‘ग्रामीण भारतातील क्षेत्रचाचणी’, बस. आत ३९ गावांत काम केलं, ४७ गावं तुलनेला होती, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला. आकडाच एवढा बोलका होता की त्याला ‘क्रांतिकारक’ म्हणायची गरज पडली नाही. पुढे २०११ साली केंद्र सरकारने आशांमार्फत हा कार्यक्रम देशभर घेतला. तुझ्याकडे ६२ टक्के नाहीत, कबूल. तुझ्याकडे कुंडी आणि शेत यांत तफावत आहे, आणि ती तफावत हाच एक विषय आहे. कुंडीत काम करणारे कितीतरी जिवाणू शेतात का ढेपाळतात, यावर काम करणाऱ्यांना तुझे आकडे हवे आहेत. पेपर त्या अंगाने उभा केलास तर छापायला जागा मिळेल, फार वरच्या जर्नलमध्ये नसेल कदाचित.

आता सरांशी बोलण्याचं. त्यांच्याकडे जाताना ‘अतिशयोक्ती’, ‘नैतिकता’ हे शब्द घरी ठेवून जा. ज्यांनी अडचणीत हात दिला त्यांच्यासमोर ते शब्द आरोपासारखे पडतील आणि बोलणं तिथेच संपेल. मरीचा तक्ता आणि ॲबस्ट्रॅक्ट शेजारी ठेव आणि विचार, “सर, रिव्ह्यूअरने विचारलं की हे वाक्य या तक्त्यातून कसं निघतं, तर मी काय लिहू?” हा प्रश्न खरा आहे आणि व्हायवाला, थिसिसच्या तोंडी परीक्षेत, तुलाच तो विचारला जाणार आहे. सोबत तुझा नवा मसुदा टाइप करून ने, वर दिला आहे तसा ठाम. नुसती तक्रार घेऊन आलेल्या विद्यार्थ्यापेक्षा पर्याय घेऊन आलेल्याचं गाइड जास्त ऐकतात.

सगळं मिळणार नाही, तेव्हा कशावर अडायचं ते आधी ठरव. माझ्या हिशेबाने तीन जागा आहेत: शीर्षकातलं ‘प्रभावी नियंत्रण’, ॲबस्ट्रॅक्टमधून गेलेला शेतातला आकडा, आणि प्रस्तावनेतला बदललेला उद्देश. या तीनवर मागे हटू नकोस. बाकी प्रस्तावनेत ‘अत्यंत महत्त्वाचे पीक’, ‘नावीन्यपूर्ण दृष्टिकोन’ असं काही सरांना ठेवायचं असेल तर ठेवू दे, त्याने कोणाची फसगत होत नाही. ते अजिबातच बधले नाहीत तर विभागातल्या दुसऱ्या एखाद्या ज्येष्ठांना, शक्यतो सल्लागार समितीतल्या सांख्यिकीवाल्यांना, मसुदा वाचायला द्यावा असं सुचव. तेही नको म्हणाले तर पेपर एक हंगाम पुढे ढकलून दुसऱ्या वर्षाच्या शेतचाचणीचे आकडे घालायचं म्हणून बघ. उशीर होईल, मला माहीत आहे, आणि फेलोशिपचे महिने मोजत बसलेल्या मुलीला हे सांगणं सोपं नाही. थिसिसमध्ये मात्र तिन्ही गोष्टी तुझ्या शब्दांत जाऊ देत, त्यावर नाव तुझं आहे.

बातमीचं काम तातडीचं आहे, पेपरच्याही आधी ते हाती घे. २०१४ साली ‘बीएमजे’त ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रकं तपासलेली आहेत. मूळ पेपरपेक्षा वाढवून सांगितलेला सल्ला ४० टक्के पत्रकांमध्येच होता, म्हणजे वार्ताहराच्या हाती पडण्याआधीच. पत्रकात वाढवलेलं असलं की बातमीतही ते येण्याची शक्यता कितीतरी पट जास्त होती. आणि वाढवून सांगितल्याने बातमी जास्त ठिकाणी छापून आली असंही ठळकपणे दिसलं नाही. म्हणजे ‘रामबाण’ काढलात तर काही गमावणार नाही. ‘रामबाण’ वाचून कोणी शेतकरी बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया सोडून या जिवाणूच्या मागे लागला आणि त्याचं रान मरीने गेलं तर? ॲग्रेस्कोत, म्हणजे कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, शिफारस मंजूर करून घ्यायला एका ठिकाणचे, एका हंगामाचे आकडे नेऊन चालत नाहीत, हे सरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मग वर्तमानपत्रातून तीच शिफारस कशी जाऊ द्यायची? हा मुद्दा त्यांना पटेल असं मला मनापासून वाटतं, कारण शेतकऱ्याचा फोन शेवटी त्यांनाच येणार आहे.

प्रसिद्धी विभागाला तूच दोन ओळी लिहून दे, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागणार नाही: ‘कुंडीतील प्रयोगांत हरभऱ्यावरील मर रोग कमी करणारा जिवाणू आढळला आहे. शेतातील चाचण्या सुरू असून त्यांचे निष्कर्ष येईपर्यंत शेतकऱ्यांनी सध्याच्या शिफारशीनुसारच बीजप्रक्रिया करावी.’ चाचण्या पुढे खरोखर चालू राहणार नसतील तर ‘सुरू असून’ काढ आणि ‘पुरेशा चाचण्या होईपर्यंत’ असं कर. छापायला जाण्याआधी एकदा नजरेखालून घालू द्या, अशी विनंती त्यांना लेखी कर. सरांची सही घेऊन केलीस तर उत्तम.

सरांशी बोलणं झालं की नवा ॲबस्ट्रॅक्ट आणि मरीचा तक्ता मला पाठव. जिवाणूचं नाव, विद्यापीठाचं नाव काढून टाकलंस तरी चालेल. मी ओळीओळीला खुणा करून परत पाठवीन.